फाइल इनपुट कोडच्या ताब्यात कितपत येतं?

गेल्या दोन अंकांनंतर आलेल्या पत्रांत फाइल अपलोडचे प्रश्न इतके आहेत की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. पत्रांमधला वैताग मी ओळखते. फॉर्ममधले बाकीचे घटक कोडचं मुकाट ऐकतात. मजकुराच्या चौकटीत हवं ते लिहा, चेकबॉक्सवर खूण करा, यादीतला पर्याय बदला, कुणी अडवत नाही. फाइल निवडायचा घटक, म्हणजे फाइल इनपुट, मात्र काही गोष्टी करू देतं आणि काहींना ठाम नकार देतं. तो नकार कधी कन्सोलमध्ये दिसतो, कधी दिसतच नाही. सोळा वर्षं फॉर्म बांधल्यावर मी या घटकाशी झटापट करणं सोडून दिलं आहे. तो कुठे नाही म्हणतो आणि का म्हणतो हे एकदा नीट समजलं, की त्याच्याभोवतीचं सगळं आपल्याला हवं तसं बांधता येतं.

प्रश्न : ताई, मी नोकरीच्या अर्जाचं वेब ॲप्लिकेशन करतो आहे. अर्ज दुरुस्त करायला यूजर परत येतो तेव्हा त्याचं नाव, शिक्षण, अनुभव सगळं भरलेलं दिसतं. आधी दिलेला बायोडेटाही फाइल इनपुटमध्ये दिसावा म्हणून मी कोडमधून व्हॅल्यूमध्ये फाइलचं नाव टाकलं, तर ‘इनव्हॅलिड स्टेट एरर’ आली. मार्ग काय?

उत्तर : व्हॅल्यूमध्ये कोडला एकच गोष्ट लिहिता येते, ती म्हणजे रिकामी स्ट्रिंग. तिनं निवड पुसली जाते. दुसरं काहीही लिहिलंत तर तुम्हाला आली तीच एरर येणार.

कारण समजून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत. समजा, पेजला स्वतःहून पाथ लिहिता आला असता. तुम्ही एखादा लेख वाचायला पेज उघडता, त्यात न दिसणारा फॉर्म असतो, त्यातल्या फाइल इनपुटमध्ये तुमच्या डिस्कवरच्या पासवर्डच्या फाइलचा पाथ लिहिलेला असतो आणि पेज लोड होताच फॉर्म सबमिट होतो. तुम्ही लेखाचा पहिला परिच्छेद वाचेपर्यंत फाइल गेलेली असेल. हा धोका ही सोय जन्मली तेव्हापासून माहीत आहे. फॉर्ममधून फाइल पाठवण्याची पद्धत 1995च्या नोव्हेंबरमध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतल्या 1867 क्रमांकाच्या दस्तऐवजात मांडली गेली. झेरॉक्समधल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी तो लिहिला. त्यात सुरक्षेचा भाग अगदी छोटा आहे, पण मुद्दा स्पष्ट आहे : यूजरनं स्पष्टपणे सांगितल्याशिवाय ब्राउझरनं कुठलीही फाइल पाठवू नये. पेजनं व्हॅल्यूमधून फाइलचं नाव सुचवावं, ही कल्पना तेव्हा त्यांनी विचारात घेतली होती, मात्र ब्राउझरनं ते नाव यूजरकडून पक्कं करून घ्यावं या अटीवर. ब्राउझरांनी पुढे ती सुचवण्याची सोयही ठेवली नाही. मला ते योग्य वाटतं. पक्कं करण्याचा प्रश्न समोर आला की माणसं न वाचता ‘ठीक’ दाबतात.

याच कारणानं व्हॅल्यू वाचतानाही खरा पाथ मिळत नाही. ‘सी:\फेकपाथ\’ आणि पुढे फाइलचं नाव, एवढंच हाती येतं. हा पाथ कुणाच्याही मशिनवर नसतो. जुने काही ब्राउझर पूर्ण पाथ देत, त्यातून यूजरचं लॉगिन नाव आणि फोल्डरांची नावं पेजला कळत. ते बंद करायचं होतं, पण तोवर अनेक साइट्सचा कोड उलट्या तिरप्या रेघेवर स्ट्रिंग तोडून नाव काढत होता. तो मोडू नये म्हणून खोटा पाथ ठेवला गेला. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. नाव हवं तर फाइल्स या यादीतल्या पहिल्या घटकाचं ‘नेम’ वाचा.

आता तुमचा दुरुस्तीचा फॉर्म. आधीची फाइल इनपुटमध्ये ‘दिसायला’ हवी, हा हट्टच सोडा. ती यूजरच्या डिस्कवर आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. ती तुमच्या सर्व्हरवर आहे, मग तसंच दाखवा. इनपुटच्या वर एक ओळ : बायोडेटाचं नाव, कधी दिला ती तारीख, उघडून बघायला लिंक आणि शेजारी ‘बदला’ व ‘काढून टाका’ ही दोन बटणं. ‘बदला’ दाबल्यावरच इनपुट दिसू दे. ‘रिक्वायर्ड’ हा गुणधर्म फक्त आधीची फाइल नसेल तेव्हाच लावा.

सर्व्हरवर तीन शक्यता वेगवेगळ्या ठेवा : जुनी फाइल राहू दे, नवी घे, जुनी काढून टाक. काढून टाकण्यासाठी वेगळं लपलेलं फील्ड पाठवा. हे मी इतकं आग्रहानं सांगते कारण एका प्रकल्पात मी ते केलं नव्हतं. फाइल इनपुट रिकामं आलं म्हणजे यूजरला फाइल नको आहे, असा अर्थ माझा कोड लावत होता. लोक फक्त फोन नंबर दुरुस्त करून फॉर्म सेव्ह करायचे आणि त्यांची प्रमाणपत्रं पुसली जायची. पहिली तक्रार आली तोवर चार दिवस गेले होते. फाइल्स बॅकअपमधून परत आणता आल्या, पण ते चार दिवस मला अजून आठवतात. रिकामं इनपुट म्हणजे ‘काही बदललेलं नाही’. त्याचा दुसरा अर्थ कधीही लावू नका.

सर्व्हरवरची फाइल खाली आणून कोडनं इनपुटमध्ये बसवण्याची एक युक्ती आहे आणि ती चालते. पुढच्या उत्तरात ती येईलच. पण तुमच्या कामासाठी मी ती वापरणार नाही. त्यात तीच फाइल आधी पूर्ण डाउनलोड होते, मग तशीच्या तशी पुन्हा अपलोड होते. शिवाय वेळ मुद्दाम दिली नाही तर फाइलची ‘शेवटचा बदल’ ही वेळ त्या क्षणाची होते.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझ्या प्रोजेक्टमध्ये यूजर एकदम पाच फोटो निवडतो. त्यातला तिसरा काढायचा असेल तर कसा काढायचा? फाइल्स ही यादी ॲरेसारखी दिसते पण तिच्यातून काहीच काढता येत नाही. आणि यूजरनं आणखी दोन फोटो निवडले की आधीचे पाचही जातात.

उत्तर : तुम्ही दोन वेगळ्या अडचणी लिहिल्या आहेत, पण दोन्हींचं मूळ एक आहे. यूजरनं आत्तापर्यंत निवडलेल्या फाइल्स कुठे आहेत, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही ‘इनपुटमध्ये’ असं धरलं आहे. इनपुटला फक्त शेवटची निवड माहीत असते. ‘मल्टिपल’ लावलं तरी प्रत्येक वेळी फाइल निवडण्याची खिडकी उघडून केलेली निवड आधीच्या निवडीची जागा घेते. म्हणून इनपुटला दार समजा. दारातून फाइल आत आली की ती तुमच्या कपाटात ठेवा. कपाट म्हणजे तुमच्या कोडमधला साधा ॲरे.

चेंज इव्हेंट आला की फाइल्सची यादी ॲरे.फ्रॉमनं उतरवून घ्या, प्रत्येक फाइलला तुमचा स्वतःचा एक आयडी द्या आणि तुमच्या ॲरेत जोडा. पडद्यावरची यादी या ॲरेवरून काढा. ‘काढा’ बटणाला फाइलचा क्रमांक देऊ नका, आयडी द्या, कारण एक फोटो गेला की पुढच्यांचे क्रमांक सरकतात आणि पटापट दोनदा क्लिक केलं की भलताच फोटो जातो. एकच फोटो दोनदा आला का हे बघायला नाव, साइझ आणि शेवटच्या बदलाची वेळ या तिन्हींची जोडी पुरते. शंभर टक्के नाही, पण निवडताना सूचना देण्यापुरती नक्की.

याच कपाटात ड्रॅग करून टाकलेल्या आणि पेस्ट केलेल्या फाइल्सही येऊ द्या. ड्रॉप इव्हेंटच्या डेटाट्रान्सफरमध्ये आणि पेस्ट इव्हेंटच्या क्लिपबोर्डडेटामध्ये तशीच फाइल्सची यादी असते. तिन्ही वाटांनी आलेली फाइल एकाच फंक्शनमधून जाते आणि तपासणी एकदाच लिहावी लागते. ड्रॉपमध्ये सगळे एका ठिकाणी अडतात : ‘ड्रॅगओव्हर’वरसुद्धा प्रिव्हेंट-डिफॉल्ट करावं लागतं. ते केलं नाही तर ड्रॉप इव्हेंट येतच नाही आणि ब्राउझर तुमचं पेज सोडून तो फोटोच उघडून बसतो.

पाठवताना दोन रस्ते आहेत. फेच वापरत असाल, म्हणजे पेज न बदलता कोडमधूनच पाठवत असाल, तर नवा फॉर्मडेटा करा आणि ॲरेतली प्रत्येक फाइल एकाच नावानं अपेंड करा. इनपुटची गरजच नाही. पण फॉर्म नेहमीच्या पद्धतीनं सबमिट होणार असेल, तर इनपुटमध्ये तुमच्या ॲरेतल्या फाइल्सच असायला हव्यात. इथे ती युक्ती येते. नवा डेटाट्रान्सफर ऑब्जेक्ट करा, त्याच्या आयटम्समध्ये एकेक फाइल ॲड करा आणि इनपुटच्या फाइल्सला त्या ऑब्जेक्टच्या फाइल्स द्या. फाइल्सच्या यादीतून एक घटक काढता येत नाही, पण अख्खी यादी बदलता येते. हा कन्स्ट्रक्टर क्रोममध्ये 2017 साली, फायरफॉक्समध्ये 2018 साली आणि सफारीत 2021 साली 14.1 या आवृत्तीबरोबर आला. त्याआधीची उत्तरं वाचाल तर ‘हे अशक्य आहे’ असं लिहिलेलं दिसेल. ती उत्तरं त्या काळापुरती बरोबर होती.

इथे सुरक्षेचा नियम मोडतो का, असं तुम्हाला वाटेल. नाही मोडत. डेटाट्रान्सफरमध्ये तुम्ही टाकता त्या फाइल्स एक तर यूजरनं आधीच तुमच्या पेजला दिलेल्या असतात, नाही तर तुमच्या कोडनं मेमरीत तयार केलेल्या असतात. डिस्कवरची तिसरी कुठलीही फाइल या वाटेनं मिळत नाही.

कोडनं फाइल्स बदलल्या की चेंज इव्हेंट येत नाही. ते बरंच आहे, नाही तर तुमचं फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारत राहिलं असतं. पण पेजवरचं दुसरं काही त्या इव्हेंटवर अवलंबून असेल तर तो तुम्हाला हातानं पाठवावा लागेल.

फोटोंचे प्रीव्ह्यू दाखवताना फाइलरीडरनं डेटा यूआरएल करू नका. त्यात फोटोचे बाइट्स बेस64 मजकुरात बदलतात, मजकूर मूळ फाइलच्या एक तृतीयांशानं मोठा होतो आणि तो सगळा मेमरीत राहतो. मी एकदा असंच केलं होतं. माझ्या लॅपटॉपवर पेज सुरळीत चाललं आणि फोनवर चाळीस फोटो निवडल्यावर टॅब आपोआप रीलोड झाला, निवडही गेली. क्रिएट-ऑब्जेक्ट-यूआरएल वापरा आणि फोटो यादीतून काढला की त्याचं यूआरएल रिव्होक करा.

आणखी एक, जे पुस्तकात सहसा नसतं. फाइल ऑब्जेक्ट म्हणजे फाइलची प्रत नव्हे, डिस्कवरच्या फाइलकडे दाखवलेलं बोट आहे. यूजरनं फोटो निवडला, मग दुसऱ्या प्रोग्राममध्ये तो कापून सेव्ह केला आणि नंतर सबमिट दाबलं, तर वाचताना किंवा पाठवताना एरर येते. ही एरर पकडा आणि ‘नेटवर्कमध्ये अडचण’ असा मोघम संदेश न देता ‘निवडल्यानंतर ही फाइल बदलली आहे, पुन्हा निवडा’ असं सांगा. ज्याला हे सांगितलं जातं तो अर्ध्या मिनिटात काम पुरं करतो. ज्याला सांगितलं जात नाही तो तासभर वाय-फाय तपासत बसतो.

प्रश्न : यूजरनं फाइल निवडली, मी ती यादीतून काढली, त्यानं तीच फाइल पुन्हा निवडली, तर काहीच होत नाही. रिअॅक्ट वापरतो.

उत्तर : इनपुटच्या दृष्टीनं काही बदललंच नाही, म्हणून चेंज आला नाही. फाइल्स तुमच्या ॲरेत घेतल्या की लगेच इनपुटची व्हॅल्यू रिकामी करा. क्रम पाळा : आधी ॲरे.फ्रॉम, मग रिकामी स्ट्रिंग. मूळ यादीच धरून ठेवलीत तर इनपुट पुसताना तीही रिकामी झालेली सापडू शकते. हे अर्थात फेचनं पाठवत असाल तेव्हाचं. इनपुट फॉर्मबरोबर जाणार असेल तर पुसल्यावर वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या ॲरेतल्या फाइल्स त्यात परत बसवा.

रिअॅक्टमध्ये फाइल इनपुट नेहमीच अनकंट्रोल्ड असतं, म्हणजे त्याची व्हॅल्यू रिअॅक्टच्या ताब्यात नसते, म्हणून स्टेटमधून व्हॅल्यू देण्याचा प्रयत्न करू नका. रेफमधून पुसा, नाही तर ‘की’ बदलून इनपुट नव्यानं उभं करा. मला रेफ बरं वाटतं, कारण ‘की’ बदलली, तर कीबोर्डचा फोकस हरवतो.

खिडकी उघडून यूजरनं काहीच न निवडता बंद केली हे कळायला ‘कॅन्सल’ इव्हेंट आहे. 2023पासून क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही तो मिळतो. विंडोला फोकस परत आला की टायमर लावून अंदाज बांधण्याचा जुना कोड असेल तर काढून टाका. तीच फाइल पुन्हा निवडली तरीही कॅन्सलच येतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

प्रश्न : डिझायनरनं सुंदर बटण दिलं आहे. मूळ इनपुट सीएसएसमधून डिस्प्ले-नन करून, म्हणजे पूर्ण लपवून, बटणावर क्लिक झालं की मी इनपुटवर क्लिक फंक्शन चालवते. आधी सर्व्हरला विचारते की या यूजरला अपलोडची परवानगी आहे का, उत्तर आलं की खिडकी उघडते. नेट वेगवान असेल तर चालतं, हळू असेल तर काहीच होत नाही.

उत्तर : फाइल निवडण्याची खिडकी कोडनं उघडायची तर यूजरनं नुकतंच काही केलेलं असावं लागतं : क्लिक, टॅप किंवा की दाबणं. त्या कृतीचा परिणाम काही सेकंदच टिकतो, आणि किती सेकंद ते ब्राउझरवर आहे. तुम्ही सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहता तेवढ्यात तो संपतो. क्लिक फंक्शन तेव्हा एररही फेकत नाही, नुसतं गप्प बसतं. ‘शोपिकर’ वापरलंत तर निदान एरर मिळते आणि ती पकडता येते.

उपाय साधा आहे. परवानगी पेज उघडतानाच विचारून ठेवा आणि नसेल तर बटण बंद ठेवून कारण शेजारी लिहा. नाही तर खिडकी आधी उघडा आणि परवानगी फाइल पाठवताना तपासा. ती तपासणी सर्व्हरवर तशीही करावीच लागते.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. डिस्प्ले-नन केलेलं इनपुट कीबोर्डनं गाठता येत नाही आणि स्क्रीन रीडरलाही दिसत नाही. तुमचं सुंदर बटण खरोखर बटण टॅगचं असेल तर काम भागतं. ते डिव्ह, म्हणजे नुसती चौकट, असेल तर माऊस न वापरणाऱ्याला फाइल देताच येणार नाही. माझ्या एका फॉर्मबद्दल दृष्टिहीन यूजरचं पत्र आलं होतं. त्यानं दोन पानांचा फॉर्म पूर्ण भरला होता आणि शेवटी लिहिलं होतं की कागदपत्र जोडायची जागा सापडत नाही. जागा पडद्याच्या मधोमध होती, मोठ्या आयकॉनसकट, पण ते डिव्ह होतं. तेव्हापासून मी इनपुट काढत नाही. ते दिसेनासं करते, म्हणजे एक पिक्सेलच्या चौकटीत कापून ठेवते, त्याला लेबल जोडते आणि लेबलला बटणाचं रूप देते. लेबलवर क्लिक केलं की खिडकी उघडायला कोड लागतच नाही. इनपुटला फोकस आला की लेबलभोवती रेघ दिसेल एवढं सीएसएस लिहायला विसरू नका. नुसतं मूळ बटणाचं रूप बदलायचं असेल तर आता ‘फाइल-सिलेक्टर-बटन’ हा स्यूडो-एलिमेंट आहे, आणि डिझायनरांना तो माहीत नसतो. त्यांना दाखवा, अर्धे हट्ट तिथेच मिटतात.

डिस्प्ले-नन केलेल्या इनपुटला रिक्वायर्ड लावलंत तर आणखी एक कोडं पडेल. सबमिट दाबल्यावर फॉर्म जात नाही आणि संदेशही दिसत नाही, कारण ब्राउझरला चूक दाखवायला जागाच सापडत नाही.

प्रश्न : ‘ॲक्सेप्ट’मध्ये फक्त पीडीएफ लिहिलं आहे, तरी सर्व्हरवर वर्ड आणि चित्रांच्या फाइल्स येतात. आणि कधीकधी मोठी फाइल पाठवली की पीएचपीमध्ये फॉर्म पूर्णच रिकामा येतो, बाकीची फील्ड्ससुद्धा.

उत्तर : ॲक्सेप्ट ही खिडकीला दिलेली सूचना आहे, पहारेकरी नाही. बऱ्याच ठिकाणी खिडकीतच ‘सर्व फाइल्स’ हा पर्याय असतो, आणि ड्रॉपच्या वाटेनं तर ॲक्सेप्ट कुणी विचारतच नाही. फाइलच्या ‘टाइप’वरही विसंबू नका. ब्राउझर तो सहसा एक्स्टेंशनवरून ठरवतो, चित्राचं नाव बदलून पीडीएफ केलं तर टाइपही पीडीएफ सांगतो. एक्स्टेंशन ओळखीचं नसेल तर टाइप रिकामाच येतो.

खरी ओळख फाइलच्या सुरुवातीच्या बाइट्समध्ये असते. पीडीएफ टक्क्याचं चिन्ह आणि पी-डी-एफ या अक्षरांनी सुरू होते, पीएनजीचा दुसरा ते चौथा बाइट पी-एन-जी असतो, जेपेगची सुरुवात एफएफ, डी8, एफएफ अशी असते. फाइलवर स्लाइस करून पहिले आठ बाइट्स वाचले की पुरे, पूर्ण फाइल वाचावी लागत नाही. नव्या वर्डची फाइल मात्र पी-के नं सुरू होते, कारण ती आतून झिप असते. म्हणून पी-के दिसलं की वर्ड, असं समजू नका. ब्राउझरमधली ही तपासणी यूजरच्या सोयीसाठी. सर्व्हरवर ती पुन्हा करायची, कारण सर्व्हरला तुमच्या पेजशिवायही कुणी फाइल पाठवू शकतं. चूक सापडली की इनपुटच्या सेट-कस्टम-व्हॅलिडिटीमध्ये संदेश ठेवा आणि नवी फाइल आली की तो रिकामा करा. दुसरा अर्धा भाग विसरला की फॉर्म कायमचा अडकतो.

रिकाम्या फॉर्मचं कारण पीएचपीची मर्यादा. अपलोड-मॅक्स-फाइलसाइझ मुळात 2 एमबी असते आणि पोस्ट-मॅक्स-साइझ 8 एमबी. एक फाइल पहिल्या मर्यादेपलीकडे गेली तर त्या फाइलपुरता एरर कोड येतो. पण सगळा मजकूर मिळून दुसरी मर्यादा ओलांडली तर पोस्ट आणि फाइल्स दोन्ही ॲरे रिकामे येतात, आणि कोडला वाटतं की यूजरनं काहीच भरलं नाही. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मर्यादा मुळात 1 एमबी, तो 413 हा ‘मजकूर फार मोठा’ सांगणारा एरर कोड देऊन पीएचपीपर्यंत पोचूच देत नाही. या तीन आकड्यांचा मेळ घाला, आणि यातला सगळ्यात लहान आकडा ब्राउझरमध्ये फाइलच्या साइझशी ताडून बघा. साइझ बाइट्समध्ये असते आणि निवडल्याच्या क्षणी माहीत असते. दहा मिनिटं अपलोड होऊ देऊन मग ‘फाइल मोठी आहे’ सांगणं मला यूजरच्या वेळेचा अपमान वाटतो.

प्रश्न : फेच वापरून अपलोड करतो. किती टक्के गेलं ते कसं दाखवायचं? आणि मध्येच रद्द कसं करायचं?

उत्तर : फेच पाठवण्याची प्रगती सांगत नाही. त्यासाठी अजूनही एक्सएमएलएचटीटीपी-रिक्वेस्ट. तिच्या ‘अपलोड’ या भागावर प्रोग्रेस इव्हेंट लावा, त्यात किती गेलं आणि एकूण किती हे दोन्ही येतं. रद्द करायला तिथे ॲबॉर्ट, फेचमध्ये ॲबॉर्ट-कंट्रोलर. शंभर टक्के म्हणजे बाइट्स निघाले, सर्व्हरचं काम बाकी असू शकतं. तेव्हा पट्टी भरल्यावर ‘तपासणी सुरू आहे’ असं लिहा आणि ‘झालं’ हा शब्द सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत राखून ठेवा.

फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइप हेडर स्वतः लिहू नका. मल्टिपार्टमध्ये भाग वेगळे करणारी बाउंडरी असते, ती ब्राउझर ठरवतो आणि हेडरमध्ये घालतो. तुम्ही हेडर लिहिलंत की बाउंडरी जाते आणि सर्व्हरला एकही फील्ड वाचता येत नाही. मला येणाऱ्या ‘सगळं बरोबर आहे तरी चालत नाही’ या पत्रांपैकी पुष्कळांचं उत्तर हे एवढंच असतं.

व्हिडिओसारख्या मोठ्या फाइलसाठी स्लाइसनं तुकडे करून एकेक पाठवा, म्हणजे नेट तुटलं तर शेवटच्या पोचलेल्या तुकड्यापासून पुढे जाता येतं. ‘टस’ नावाचा खुला प्रोटोकॉल यासाठीच आहे, स्वतःची पद्धत शोधण्याआधी तो बघा.

प्रश्न : ऑटोमेटेड टेस्टमध्ये फाइल कशी निवडायची? सेलेनियम हे ब्राउझर चालवणारं साधन बटणावर क्लिक करतं, खिडकी उघडते आणि टेस्ट तिथेच थांबते.

उत्तर : ती खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमची आहे, सेलेनियमला ती दिसत नाही. बटणावर क्लिक करूच नका. इनपुट शोधा आणि सेंड-कीज मध्ये फाइलचा पूर्ण पाथ द्या. अशाच दुसऱ्या साधनांपैकी प्लेराइटमध्ये सेट-इनपुट-फाइल्स, सायप्रेसमध्ये सिलेक्ट-फाइल. पहिल्या उत्तरात मी सांगितलं की कोडला पाथ देता येत नाही, मग इथे कसं चालतं? पेजमधला कोड आणि ब्राउझर चालवणारं साधन या वेगळ्या जागा आहेत. टेस्ट चालवणारं साधन बाहेरून, मशिनच्या मालकाच्या परवानगीनं ब्राउझरला सांगतं. पेजला तो अधिकार नाही.

लपवलेल्या इनपुटवरही सेंड-कीज मुळात चालतं, स्ट्रिक्ट-फाइल-इंटरॲक्टेबिलिटी हा पर्याय तुम्ही चालू केला नसेल तर. आणि टेस्टच्या फाइल्समध्ये शून्य बाइट्सची एक फाइल, मोठ्या अक्षरांतलं एक्स्टेंशन असलेली एक आणि नाव बदलून पीडीएफ केलेलं एक चित्र एवढं जरूर ठेवा.